घाटातल्या ओल्या वळणासाठी टायरचं कोणतं मॉडेल घ्यावं?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. रत्नागिरीकडच्या एका विद्यार्थ्याने इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आंबे वाहणाऱ्या पिकअपचं सिम्युलेशन बनवलंय. गाडी पेट्या भरून आंबा घाट चढते, कोल्हापूरला माल उतरवते आणि रिकामी परत खाली येते. टायरच्या बलांसाठी त्याने मॅजिक फॉर्म्युला (टायर किती घसरतोय त्यावरून बल देणारं सूत्र) वापरलाय आणि गुणांक नेटवर मिळालेल्या एका कारच्या टायरचे घेतलेत. कोरड्या रस्त्यावर उत्तरं पटण्यासारखी येतात. पावसासाठी घर्षणाचा गुणांक ०.८ वरून ०.४५ केला, तर सरळ रस्त्यावरही गाडी स्टिअरिंगला सुस्त प्रतिसाद देते. शिवाय वळणात समोरून एसटी आली म्हणून गाडी थांबवली, की आकडे अनंताकडे पळतात. त्याचं विचारणं असं: पाचेका (म्हणजे हाच मॅजिक फॉर्म्युला), डुगॉफ की लुग्रे, टायरच्या बलाच्या या मॉडेलांपैकी कुठलं घेऊ?

नुसतं मॉडेल बदलून या अडचणी सुटणार नाहीत. तुमच्याकडे तीन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. पावसासाठी तुम्ही जो बदल केलात तो अर्धाच आहे. शून्य वेगाजवळ स्लिपची, म्हणजे टायर वेगाच्या मानाने किती सरकतोय या मापाची, व्याख्याच तुटते, त्याची सोय केलेली नाही. आणि गुणांक दुसऱ्याच टायरचे आहेत. या तिघींच्या मागे मूळ प्रश्न उभा आहे: ओल्या वळणावर कुठल्या एक्सलची पकड आधी संपते, भरलेल्या गाडीची की रिकाम्या, चढताना की उतरताना? या प्रश्नाचं उत्तर फॉर्म्युल्याच्या नावावर फारच थोडं अवलंबून आहे. प्रत्येक चाकावर भार किती आणि त्याच चाकाकडून आपण एकाच वेळी किती कामं मागतोय, यावर ते जास्त ठरतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला तुमच्या प्रश्नातून कळलेल्या नाहीत. टायर रेडियल आहेत की नायलॉनचे (तिरप्या धाग्यांचे)? नवे, घासलेले की रिमोल्ड केलेले? मागची हवा किती ठेवता? नायलॉन टायरचा कॉर्नरिंग स्टिफनेस (वळताना बाजूच्या दिशेचा ताठपणा) साधारणपणे त्याच मापाच्या रेडियलपेक्षा कमी असतो, त्यामुळे कारच्या रेडियलचे गुणांक पिकअपच्या नायलॉन टायरला लावले तर पाया तिथेच हलतो. खाली जे आकडे देतो ते समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे नाहीत.

आता रबर आणि रस्ता जिथे भेटतात तिथपासून सुरू करू, कारण पावसाचा घोळ तिथेच सुटतो. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पोस्टकार्डाएवढा असतो. चाकाचं तोंड एका दिशेला आणि चाकाची प्रत्यक्ष चाल किंचित वेगळ्या दिशेला, या दोन दिशांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. ब्रश मॉडेल म्हणतं की या टेकलेल्या भागात रबराचे बारीक केस आहेत असं समजा. खळ्यात खराटा दाबून पुढे ओढला की हिरांची टोकं जमिनीला धरून राहतात, हीर वाकत जातात आणि फार वाकले की टोकं सुटून घसरतात, इथेही तसंच. केस पुढच्या कडेला रस्त्याला टेकतो तेव्हा सरळ असतो. मागे सरकता सरकता तो वाकत जातो, आणि वाकण्याचं बल त्याच्या वाट्याच्या घर्षणापेक्षा जास्त झालं की घसरतो. म्हणून टेकलेल्या भागाचा पुढचा हिस्सा पकडून असतो आणि मागचा घसरत असतो. स्लिप अँगल वाढला की घसरणारा हिस्सा मागून पुढे सरकत येतो. शेवटी सगळाच भाग घसरतो, तिथे टायरची मर्यादा संपली.

या चित्रातून दोन निष्कर्ष निघतात. लहान कोनात बल किती वेगाने वाढतं, म्हणजे कॉर्नरिंग स्टिफनेस, हे केसांच्या ताठपणावर आणि टेकलेल्या भागाच्या लांबीच्या वर्गावर ठरतं. त्यात घर्षणाचा गुणांक येतच नाही. घर्षण फक्त कमाल बल ठरवतं आणि ते कमाल किती कोनाला येणार ते ठरवतं. ब्रश मॉडेलमध्ये संपूर्ण घसरण सुरू होण्याच्या कोनाची टॅन्जंट म्हणजे ३ × घर्षणगुणांक × उभा भार ÷ स्टिफनेस. एका चाकावर ५,००० न्यूटन भार आणि स्टिफनेस ५०,००० न्यूटन प्रति रेडियन धरा. कोरड्यात, ०.८ ला, हे ०.२४ येतं, म्हणजे सुमारे १३.५ अंश. ओल्यात, ०.४५ ला, ०.१३५, म्हणजे सुमारे ७.७ अंश. ओल्या रस्त्यावर मर्यादा खाली येते आणि लवकरही येते, पण सुरुवातीचा चढ तोच राहतो.

हे मॅजिक फॉर्म्युल्यात ठेवून पाहा. हान्स पाचेका आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९८७ मध्ये मांडला. डेल्फ्टचं तांत्रिक विद्यापीठ आणि व्होल्वो यांच्या एकत्र कामातून तो आला. बाजूचं बल = डी × साइन[सी × आर्कटॅन(बी × अल्फा − ई × (बी × अल्फा − आर्कटॅन(बी × अल्फा)))]. अल्फा म्हणजे स्लिप अँगल. डी ही शिखराची उंची, सी वक्राचा आकार, ई शिखराच्या आसपासचं वळण, आणि बी × सी × डी हा गुणाकार म्हणजे मूळबिंदूपाशी असलेला चढ, अर्थात कॉर्नरिंग स्टिफनेस. तुम्ही पावसासाठी फक्त डी कमी केलात. वरच्या आकड्यांत कोरड्यात डी ४,००० आहे. सी १.३ धरलं तर बी सुमारे ९.६ येतं. डी २,२५० केलात आणि बी तसंच ठेवलंत, तर चढ ५०,००० वरून २८,१२५ वर घसरतो. पाऊस पडला म्हणून टायरचं रबर निम्म्यासारखं मऊ झालं, असं तुमच्या सिम्युलेशनला वाटतंय. सरळ रस्त्यावरची सुस्ती इथून आली. डी कमी करताना बी त्याच प्रमाणात वाढवून १७.१ करा. चढ तोच राहील, शिखर खाली येईल आणि लहान कोनाला येईल. गाडी सरळ रस्त्यावर कोरड्यासारखीच वागेल आणि वळणात अचानक संपेल. पहिल्या पावसात घाटातून गाडी आणणारे ड्रायव्हर हेच सांगतात: काही कळायच्या आत गाडी गेली.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. पाऊस म्हणजे एकच परिस्थिती नव्हे, आणि कोकणात तर नाहीच. मे अखेरचा वळीव किंवा मृगाच्या पहिल्या सरी येतात तेव्हा रस्त्यावर महिनोन् महिने साचलेली धूळ असते, ऑइलचे थेंब असतात, टायरची पूड असते आणि डंपरच्या चाकांना लागून आलेली जांभ्याची लाल माती असते. त्यावर थोडंसं पाणी पडलं की बुळबुळीत लेप तयार होतो. जोराच्या दोन-चार सरींनी तो धुऊन गेला की त्याच वळणावर पकड पुन्हा सुधारते. या लेपासाठी वरचा हिशेब बरोबर आहे: घर्षण खाली, स्टिफनेस जवळपास तसाच. आंब्याचा हंगाम संपता संपताच हे दिवस येतात, म्हणून तुमच्या प्रकल्पाला हीच अवस्था सगळ्यात महत्त्वाची.

जुलैत डोंगरातलं पाणी गटार सोडून रस्त्यावरून वाहतं, तेव्हा गोष्ट वेगळी. पाणी जाड असेल तर टायरचा पुढचा हिस्सा पाण्यावरच राहतो, रबर उशिरा टेकतं आणि खरा टेकलेला भाग आखूड होतो. स्टिफनेस लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून पुढचा पाचवा हिस्सा पाण्यावर गेला तर स्टिफनेस ०.६४ पट होतो. तेव्हा मात्र डी आणि चढ दोन्ही कमी करणं योग्य आहे. पण हा परिणाम वेगाबरोबर वाढतो. पूर्ण तरंगण्यासाठी नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून दिलेला ठोकताळा असा: वेग किमी/तासात = सुमारे १६.६ × टायरच्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ. ३० पीएसआयला ९१ येतात, २० पीएसआयला ७४. तेव्हा २५ च्या वेगाने घाटाचं वळण घेताना टायर तरंगत नाही. तिथे सगळा खेळ लेपाचा आहे. महामार्गाच्या चौपदरी सपाट पट्ट्यावर पाणी साचलंय, गाडी ८०-९० ने चाललीय आणि टायर घासलेला आहे, तिथे तरंगण्याचा विचार करा. नक्षी उरलेली नसेल तर पाण्याला बाजूला जायला वाटच नसते, त्यामुळे ठोकताळ्याच्या बऱ्याच खालीही पकड जाऊ लागते. दोन्ही अवस्था एकाच गुणांकाने भागवू नका.

गुणांकांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. नेटवर फिरणारे मॅजिक फॉर्म्युल्याचे जुने संच १९८०च्या दशकाच्या शेवटच्या आवृत्तीतले असतात. त्यात भार किलोन्यूटनमध्ये, स्लिप अँगल अंशांत आणि लांबीच्या दिशेची स्लिप टक्क्यांत असते. कोडमध्ये न्यूटन आणि रेडियन घातले तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, चुकीचा वक्र मुकाट्याने काढून देतो. चिन्हांचंही तसंच: एसएई आणि आयएसओ या दोन प्रमाणक संस्थांच्या अक्षांत उभ्या अक्षाची दिशा उलट आहे. म्हणून गाडीला जोडण्याआधी एका टायरचा आलेख काढा. शिखर कारच्या रेडियलला कोरड्यात साधारण ८ ते १२ अंशांच्या आसपास येतंय का, आणि शिखराला भाराने भागलं की एकाच्या आसपास किंवा खाली येतंय का, एवढं पाहिलं तरी अर्ध्या चुका सापडतात.

गाडी थांबल्यावर आकडे का फुटतात, ते सोपं आहे. स्लिपच्या व्याख्येत छेदात वेग असतो. वेग शून्य झाला की भागाकार संपला. वेगाला किमान मर्यादा घालून हे दडपता येतं, पण मग चढावर उभी केलेली गाडी हळूहळू मागे सरकत राहते. बरा उपाय भौतिकीतच आहे. टायरचं बल स्लिप बदलल्याबरोबर उमटत नाही, त्याला काही अंतर फिरावं लागतं. त्या अंतराला रिलॅक्सेशन लांबी म्हणतात, आणि कारच्या मापाच्या टायरला ती अर्ध्या मीटरच्या आसपास धरता येते. समीकरण शब्दांत असं: रिलॅक्सेशन लांबी × स्लिपच्या बदलाचा दर + पुढचा वेग × स्लिप = टेकलेल्या भागाचा आडवा वेग. चाकाच्या फिरण्याच्या दिशेसाठीही असंच वेगळं समीकरण लिहायचं. यात कुठेही वेगाने भागायचं नाही. वेग शून्य झाला की दुसरं पद गळतं आणि टायर साध्या स्प्रिंगसारखा वागतो, म्हणजे गाडी चढावर धरून राहते. ती स्प्रिंग थरथरत राहू नये म्हणून अगदी कमी वेगाला थोडं डॅम्पिंग (हेलकावे जिरवणारा रोध) घाला आणि वेग वाढेल तसं ते काढून घ्या. लुग्रे मॉडेलही शून्य वेगाला नीट चालतं, पण फक्त एवढ्यासाठी त्याचे जादा गुणांक अंगावर घेऊ नका. ते मोजणं तुमच्या आवाक्याबाहेर आहे.

आता वळणाचा खरा हिशेब. वळणाची त्रिज्या १५ मीटर आणि उतार ८ टक्के धरतो. त्रिज्या १५ ला २० किमी/तासाने बाजूचं त्वरण ०.२१ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) येतं, २५ ला ०.३३, २८ ला ०.४१ आणि ३० ला ०.४७. घर्षणगुणांक ०.४५ असेल तर ३० ने ते वळण होणारच नाही, मॉडेल कुठलंही घ्या. पण त्याच्या खालीच खरी गंमत आहे, कारण टायरला बाजूच्या बलासोबत पुढे-मागेही काम करावं लागतं आणि दोन्ही मिळून एकाच मर्यादेत बसवावी लागतात.

रिकामी गाडी १,५०० किलो, त्यात मागच्या एक्सलवर ६०० किलो. उतारावर ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी सोडतो, हे बरोबरच आहे, ब्रेक तापत नाहीत. पण पिकअपची ताकद मागच्या चाकांना असते, म्हणून इंजिनाचं सगळं रोखणंही मागच्याच चाकांतून होतं. ८ टक्के उतारावर वेग कायम ठेवायला सुमारे १,१८० न्यूटन लागतात, आणि ते सगळे मागून. उतारामुळे थोडं वजन पुढे सरकतं. गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंच आणि चाकांमधलं अंतर २.६ मीटर धरलं तर मागे ५६८ किलो उरतात, म्हणजे ०.४५ ने पकड सुमारे २,५१० न्यूटन. २५ किमी/तासाला मागच्या एक्सलला बाजूचं बल हवं सुमारे १,९४० न्यूटन. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २,२७० येतं, म्हणजे पकडीतले ९० टक्के गेले. २८ ला ही मागणी २,६९० होते आणि मागचं टोक सुटतं. पुढच्या चाकांना तेव्हाही फक्त बाजूचंच काम आहे आणि ती अजून मर्यादेत आहेत. म्हणजे गाडी पुढून सरळ जाणार नाही, मागून फिरेल.

भरलेली गाडी चढताना पाहा. एकूण २,५०० किलो, मागे १,५०० किलो, आणि चढामुळे मागे आणखी सुमारे ६० किलो येतात. पकड सुमारे ६,९०० न्यूटन. चढायला सुमारे १,९६० न्यूटन लागतात, आणि २५ किमी/तासाला बाजूचं बल ४,८६० न्यूटन. एकत्र ५,२४० न्यूटन, म्हणजे पकडीतले ७६ टक्के. भार वाढला की घर्षणगुणांक थोडा घटतो, हे टायरच्या चाचण्यांत सहसा दिसतं. तो १० टक्के कमी धरला तरी भरलेली गाडी ८५ टक्क्यांच्या खालीच राहते. तात्पर्य, त्याच वळणावर त्याच वेगाला माल उतरवून परतणारी रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा मर्यादेच्या जवळ आहे. तुमच्या प्रकल्पाचं मुख्य वाक्य मला हेच वाटतं, आणि ते काढायला ना बी लागलं ना ई. आता या हिशेबात वळणाच्या मध्यावर ब्रेक घालून पाहा. रिकाम्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भाराप्रमाणे कमी करणारा वॉल्व्ह नीट लावलेला आहे की नाही, याचा फरक तिथे ठळक दिसेल.

या हिशेबात मी सरळ घर्षणाचं वर्तुळ वापरलं, म्हणजे दोन्ही दिशांच्या बलांच्या वर्गांच्या बेरजेला एकच मर्यादा. तुमच्या कोडमध्ये दोन्ही दिशांची स्लिप एकत्र घेणारं काहीतरी असायलाच हवं. तुम्ही फक्त शुद्ध बाजूचं आणि शुद्ध पुढचं बल वेगवेगळं काढून बेरीज करत असाल, तर टायर मर्यादेपेक्षा जास्त काम करतोय आणि तुमच्या सिम्युलेशनमधली गाडी खऱ्या गाडीपेक्षा उशिरा घसरेल. डुगॉफचं मॉडेल इथे खूप उपयोगी आहे. त्याला दोन स्टिफनेस, एक घर्षणगुणांक आणि भार एवढंच लागतं आणि एकत्र स्लिप आपसूक येते. त्यात शिखरानंतरची घसरण नसते, ही त्याची उणीव. तुमच्या प्रश्नाला ती चालते, कारण तुम्हाला मर्यादा कुठे येते ते हवंय. मर्यादेनंतर गाडी किती वेळा फिरते ते नको.

वजनाचा आणखी एक परिणाम महामार्गावर दिसतो. कॉर्नरिंग स्टिफनेस भाराबरोबर वाढतो, पण भाराइतका नाही. रिकाम्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो आणि स्टिफनेस ४६,०००, मागे ३०० किलो आणि ३४,००० धरा. भार भागिले स्टिफनेस पुढे ०.०९६ आणि मागे ०.०८७ रेडियन प्रति जी येतो. पुढचा जास्त, म्हणजे गाडी किंचित अंडरस्टिअर (वळणात पुढून बाहेर जाऊ पाहणारी), सरळ चालवायला निवांत. पेट्या भरल्यावर पुढे ५०० किलो आणि ५०,०००, मागे ७५० किलो आणि ६०,००० धरा. आता पुढे ०.०९८ आणि मागे ०.१२३. चित्र उलटलं, गाडी ओव्हरस्टिअरकडे (मागचं टोक बाहेर जाण्याकडे) गेली. भरलेली गाडी वेगात मागून झुलते असं वाहतूकवाले म्हणतात ते यामुळे, आणि म्हणूनच माल भरताना ते मागची हवा वाढवतात. जास्त भाराला जास्त हवेने टायर आपला ताठपणा टिकवतो. तुमच्या मॉडेलमध्ये स्टिफनेस भाराप्रमाणे बदलत नसेल तर यातलं काहीच दिसणार नाही. मॅजिक फॉर्म्युल्याच्या पूर्ण आवृत्तीत त्याची सोय आहे. डुगॉफ वापरलंत तर तीन भारांना तीन स्टिफनेस देऊन मधले काढून घ्या.

हे आकडे कुठून आणायचे? टायर कंपन्या गुणांक सहसा देत नाहीत आणि प्रयोगशाळेतली टायर-चाचणी विद्यार्थ्याच्या खर्चात बसत नाही. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेतल्या संघांना मिळणारा डेटा रेसिंगच्या टायरचा असतो, त्याचा इथे उपयोग नाही. पण बरंच काही तुमच्या हातात आहे.

आधी वजनकाट्यावर जा. पूर्ण गाडीचं, मग फक्त पुढच्या चाकांचं, मग फक्त मागच्या चाकांचं वजन घ्या, रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही अवस्थांत. मग टायरचा ठसा घ्या. जॅकवर चाक उचलून टायरला काजळी कालवलेलं ग्रीस लावा, खाली जाड पुठ्ठा ठेवा, चाक उतरवा, पुन्हा उचला. ठशाची लांबी आणि रुंदी पट्टीने मोजा. ३५० किलोपास्कल हवेला ५,००० न्यूटन भाराचा ठसा अंदाजे १४३ चौरस सेंटीमीटर असावा, म्हणजे साडेचौदा सेंटीमीटर रुंदीला जवळपास १० सेंटीमीटर लांबी. ही लांबी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत किती बदलते, यावरून स्टिफनेस भाराबरोबर कसा वाढेल याचा अंदाज बांधता येतो. हवा कमी-जास्त करून दुसरा ठसा घेतलात तर हवेचा परिणामही डोळ्यांना दिसेल.

घर्षणासाठी बंद मैदानावर किंवा कॉलेजच्या आवारातल्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर ब्रेकची चाचणी घ्या. घाटात अजिबात नको. ४० किमी/तासावरून ९ मीटरमध्ये थांबलात तर सरासरी सुमारे ०.७ जी, १४ मीटर लागले तर ०.४५ जी. एबीएस नसलेल्या गाडीत चाकं पूर्ण अडकली तर मिळणारा आकडा घसरत्या रबराचा असतो आणि कमाल पकड त्याहून थोडी वर असते. पहिल्या पावसाच्या लेपासाठी एकच आकडा शोधत बसू नका. ०.३५ ते ०.५५ असा पट्टा घेऊन प्रत्येक उत्तर त्या पट्ट्यात काढा.

स्टिफनेससाठी मोबाइल गाडीच्या मध्याजवळ घट्ट बसवा, जायरोस्कोप आणि अॅक्सेलेरोमीटर नोंदवा, आणि मोकळ्या जागेत ४० च्या आसपास स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे करा. दोन-चाकी (पुढे एक, मागे एक चाक धरणाऱ्या) सोप्या मॉडेलचे दोन स्टिफनेस असे निवडा की गाडीच्या वळण्याचा दर आणि बाजूचं त्वरण दोन्ही जुळतील. वर्तुळात गाडी फिरवण्याची चाचणी, जिचं प्रमाणीकरण आयएसओ ४१३८ मध्ये आहे, फक्त पुढच्या-मागच्यातला फरक सांगते, दोघांचे वेगळे आकडे नाही. त्यामुळे ती एकटी पुरत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या मॉडेलमध्ये घातलीत तर ड्रायव्हरना विचारून पडताळता येईल. ब्रश मॉडेलमध्ये चाकाला सरळ करू पाहणारा मोमेंट पूर्ण घसरणीच्या कोनाच्या चौथ्या हिश्शालाच कमाल गाठतो आणि मग घटायला लागतो. तेव्हा बाजूचं बल मर्यादेच्या ५८ टक्क्यांवरच असतं. म्हणजे पकड शिल्लक असतानाच स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. वरच्या आकड्यांत कोरड्यात हे साडेतीन अंशांच्या जवळ होतं, ओल्यात दोनच्या आत. कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) आणि पॉवर स्टिअरिंग यामुळे हाताला ते पुसट लागतं, पण जुने ड्रायव्हर ‘स्टिअरिंग हलकं लागलं की पाय काढायचा’ म्हणतात, त्यात हेच आहे. फक्त वर काढलेला रिकाम्या गाडीचा हिशेब आठवा: उतारावर आधी मागचं टोक सुटतं, आणि मागच्या टायरची खबर स्टिअरिंगला मिळत नाही.

तुमच्या जागी मी सुरुवातीला डुगॉफ घेईन, भाराप्रमाणे बदलणारा स्टिफनेस आणि रिलॅक्सेशन लांबी त्यात घालेन, आणि चारही चाकांचे भार वेगवेगळे काढेन. ते चाललं की मॅजिक फॉर्म्युला आणून त्याचा चढ आणि शिखर डुगॉफशी जुळवेन आणि दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवेन. मर्यादेपर्यंत ती जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर चूक कोडमध्ये आहे, आणि ती बहुधा एकत्र स्लिपच्या भागात सापडेल. परीक्षकांनी ‘मॅजिक फॉर्म्युला का नाही?’ असं विचारलं तर हे दोन आलेख दाखवा.

वजनकाट्याच्या पावत्या, चारही ठशांची मापं आणि टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप व हवेचा दाब इथेच टाका. तुमच्या गाडीसाठी स्टिफनेस कुठून सुरू करावा ते त्यावरून सांगता येईल.